छोट्या लाइनीचे गार्ड

माझ्या धाकट्या बहिणीनं, मंदाकिनीनं, रेल्वेच्या गार्डाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. त्यातही छोट्या लाइनीचा, नॅरोगेजचा गार्ड. मोठ्या लाइनीचा असता तर मुंबई-हावड्याचं नाव तरी घेता आलं असतं. हा रायपूरहून अभनपूर आणि तिथून धमतरी, नाहीतर राजिम. गाडी अशी की पोट्टे चालत्या गाडीतून उतरायचे, शेतातला हरभरा उपटायचे आणि मागच्या डब्यात चढायचे. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं. आजोबा वकील, वडील हेडमास्तर, मी इंग्रजीत एम.ए. करून कॉलेजात शिकवायला लागलेली. आणि मंदा म्हणते, श्यामराव देवतळे.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्याचं मूळ इथं आहे. श्यामरावांची मला लाज वाटायची. चाळीस वर्षं वाटली. माणूस वाईट होता म्हणून नाही. वाईट असता तर सोपं होतं.

श्यामराव उंचीनं बेताचे, रंगानं सावळे, चपला कायम पॉलिश केलेल्या. राहायला गुढियारीत, मालधक्क्याच्या अलीकडं, दोन खोल्यांत. बोलणं वऱ्हाडी, त्यात हिंदी, त्यात छत्तीसगढी, कशात काय मिसळलं ते त्यांनाही सांगता येणार नाही. इंग्रजीचं एक पूर्ण वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दर रविवारी चौबे कॉलोनीत आमच्याकडं यायचे, हातात पिशवी, पिशवीत चेच भाजी नाहीतर मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगा. अर्धा तास बसायचे, निघायचे आणि गल्लीच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबापाशी पोचले की मागं वळून एक हात वर करायचे. मंदा मला म्हणायची, “अगं ताई, तूही दाखव ना हात. त्यांची सवय आहे ती. गाडी हलली की गार्ड आणि ड्रायव्हर एकमेकांना हात दाखवतात, सगळं ठीक आहे म्हणून.”

मी म्हणायची, “इथं कुठं गाडी चालली आहे?” आणि दार लावून घ्यायची.

माझा मुलगा नीलेश मात्र त्यांच्याच अंगणात वाढला. मी कॉलेजात असायची, तो मंदाकडं. सुट्ट्यांत श्यामरावांबरोबर गार्डाच्या डब्यात बसून अभनपूरपर्यंत जाऊन यायचा. माझ्या मराठीला तो आजही हिंदीत उत्तर देतो, पण छोट्या लाइनीची सगळी स्टेशनं त्याला ओळीनं पाठ आहेत. ती लाइन आता उखडली. नीलेश ग्लासगोला इंजिनियर आहे. मंदा तीन वर्षांपूर्वी गेली. गेल्या वर्षी नीलेशचा फोन आला, “आई, मई में आओ. और मौसाजी को साथ लाओ. गाडी लेके ऊपर स्कॉटलंड घूमेंगे, आठ दिन. कोई बडा शहर नहीं, सिर्फ गाँव और जंगल.”

“मौसाजींना काय समजणार तिथलं?”

“तुमको क्या समझेगा आई? तुम भी तो किताब में ही देखी हो.”

मुलानं बोलणं ऐकवलं की मी विषय बदलते. गेलो आम्ही दोघं. सून सोनियाला रजा नव्हती, म्हणून गाडीत तिघंच. नीलेश चालवणार, मी पुढं, श्यामराव मागं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी रस्ता अरुंद होत होत एका गाडीपुरता राहिला. दोन्ही बाजूंना माळ, तपकिरी गवताचा, मधेमधे काळं पाणी साचलेलं, लांबवर डोंगर आणि माणूस औषधालाही नाही. मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला बाजूनं एक फुगवटा काढलेला आणि तिथं खांबावर पांढरी पाटी. समोरून गाडी आली की ज्याला तो फुगवटा जवळ पडेल त्यानं त्यात शिरून थांबायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं.

श्यामराव मागून एकदम पुढं वाकले. “नीलेश, अरे हे तर सिंगल लाइन आहे. हे क्रॉसिंगचं स्टेशन. आपण लूपमध्ये उभे.”

“एकदम सही, मौसाजी.”

समोरची गाडी निघून जाताना चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं आम्हाला हात दाखवला. तिथली रीत आहे ती, नीलेशनं सांगितलं, ओळख असो नसो. झालं. श्यामरावांनी खिशातून हिरवा रुमाल काढला, खिडकीची काच खाली केली आणि हात बाहेर काढून रुमाल सरळ धरला. हा रुमाल मला माहीत होता. निवृत्त होताना झेंड्या जमा कराव्या लागल्या, तेव्हा मंदानं आपल्या ब्लाउजपीसचा शिवून दिला होता. नवऱ्याचा हात रिकामा राहू नये म्हणून.

“श्यामराव, काच लावा. वारा येऊन राहिला.”

“हव ताई, लावतो.” लावली. पुढची गाडी आली, पुन्हा उघडली.

दिवसभर हेच. नीलेशला गाडी मागं घ्यायची वेळ आली की श्यामराव उलटे वळून बसत आणि सांगत, “ये... ये... डाव्या हाताला दगड आहे... बस.” नीलेश खूश. मी समोर बघून बसलेली. लोक हसत होते का? खरं सांगायचं तर कोणी हसत नव्हतं. हसतील असं मला वाटत होतं, आणि तेवढं मला पुरत होतं.

गावं म्हणजे दहा-बारा घरं, दगडी चर्च, एक दुकान आणि त्याच दुकानात पोस्ट. एका गावात चौकात युद्धात मेलेल्यांच्या नावांचा खांब होता. आम्ही दुकानातून पाव घेऊन येईपर्यंत श्यामराव त्या खांबापुढं उभे होते, मान वर, ओठ हलत होते. मला वाटलं, जप करून राहिले. ते वाचत होते, हे आज कळतं.

तिसऱ्या दिवशी माळाच्या मधोमध एक स्टेशन लागलं. गाव नाही, घर नाही, नुसता एक फलाट. श्यामराव म्हणाले, दोन मिनिटं थांबू. दोन मिनिटांची पस्तीस झाली. मग गाडी आली. चार डब्यांची. श्यामराव फलाटाच्या टोकाला जाऊन ताठ उभे राहिले, टाचा जुळवून, आणि गाडी निघाली तसा रुमाल धरला. शेवटच्या डब्याच्या दारातून गार्ड डोकावत होती, बाईमाणूस. तिनं आधी पाहिलं, मग हात पूर्ण लांब करून दाखवला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तसाच ठेवला. डब्यातल्या दोघातिघांनी फोटो काढले. श्यामराव परत आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. “पाहिलं ताई? इकडंबी चालते.”

मी म्हटलं, “लोक फोटो काढून राहिले तुमचे. तमाशा झाला.”

ते गाडीत मागं जाऊन बसले. नीलेश बोलला. “आई, तुमको हुआ क्या है?”

त्या संध्याकाळी आम्ही एका मेंढपाळाच्या घरी उतरलो. खालच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात. दोन दिवसांचा मुक्काम. घरची मालकीण पन्नाशीची, लाल गालांची, बोलायला मोकळी. तिच्याशी माझं जमलं. माझं इंग्रजी ऐकून ती म्हणाली, तुम्ही तर आमच्यापेक्षा शुद्ध बोलता. आता या वयात असल्या बोलण्यानं फुगू नये, पण मी फुगले. सकाळी स्वयंपाकघरात तिच्याबरोबर ओट्सची पेज खात बसले होते. खिडकीतून अंगण दिसत होतं. तिचा नवरा ट्रॅक्टर घेऊन फाटकाबाहेर निघाला. श्यामरावांनी धावत जाऊन फाटक उघडलं, बाजूला उभे राहिले, आणि ट्रॅक्टर पूर्ण बाहेर पडेपर्यंत रुमाल धरून राहिले. मग फाटक लावून आत आले आणि दाराशी बूट काढायला बसले.

मालकीण हसून म्हणाली, “हे काय करतात? काल संध्याकाळीही माझ्या मुलीच्या गाडीला केलं.”

सांगायला किती वेळ लागला असता? ते रेल्वेत गार्ड होते, एवढंच. चार शब्द. पण ते चार शब्द माझ्या तोंडातून निघेनात. माझ्या शुद्ध इंग्रजीच्या शेजारी छोट्या लाइनीचा गार्ड मला ठेवायचा नव्हता. मी आवाज खाली करून म्हटलं, “त्यांच्या डोक्यावर थोडा परिणाम झाला आहे. बायको गेल्यापासून. माझी बहीण होती ती. तुम्ही मनावर घेऊ नका.”

तिनं हात तोंडावर ठेवला. “बिचारे.”

दार उघडंच होतं. श्यामराव माझ्यापासून दहा पावलांवर बुटाची नाडी सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. नाडी सोडली, बूट शेजारी शेजारी ठेवले, रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि आत येऊन बसले. मी स्वतःला सांगितलं, त्यांना काय कळलं असेल? इंग्रजी कुठं येतं त्यांना.

त्यानंतर ती बाई त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागली, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं. पावाचे तुकडे करून त्यांच्या ताटलीत ठेवले. श्यामरावांनी मुकाट खाल्ले. निघताना तिनं कपाटातून लाकडाची एक मेंढी काढली. पाहुण्यांबरोबर लहान मुलं येतात, त्यांना ती देत असे. ती तिनं श्यामरावांच्या हातात ठेवली आणि वरून त्यांचा हात थोपटला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, मान लववली. नीलेश तेव्हा सामान लावत होता, त्यानं काही पाहिलं नाही.

गाडी निघाली. पहिली गाडी समोरून गेली, दुसरी गेली. मागची काच बंद.

“मौसाजी, झंडी कहाँ गई?”

“धुवायले ठेवली, बेटा.”

दुपारी एका चढावर समोरून लाकडाचा ट्रक आला आणि नीलेशला गाडी मागं घ्यावी लागली. तो आरशात बघत घेत होता, मागून काही ऐकू येईल म्हणून थांबत होता. काही ऐकू आलं नाही. मागचं चाक रस्त्यावरून घसरून चिखलात गेलं आणि गाडी तिरकी झाली. दीड तास लागला. एका शेतकऱ्यानं दोर लावून ओढून काढली.

नीलेश घामाघूम. “मौसाजी, आपने देखा नहीं?”

श्यामराव माझ्याकडं बघत नव्हते. म्हणाले, “ध्यान नव्हतं, बेटा. चूक झाली.”

एकतीस वर्षं ज्याचं कामच मागं लक्ष ठेवायचं होतं, त्या माणसाचं ध्यान नव्हतं. मला तिथंच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी काचेतून डोंगर पाहत राहिले.

रायपूरला परतल्यावर पहिल्या रविवारी श्यामराव आले नाहीत. थकले असतील. दुसऱ्या रविवारीही नाहीत. तिसऱ्या रविवारी मी फोन केला, तर म्हणाले, “गुडघा दुखून राहिला, ताई.” माझ्याकडं स्वयंपाकाला येणारी अंजनाबाई गुढियारीचीच. ती म्हणाली, “कोनो गुडघा नई दुखत हे, दीदी. रोज बाजार जाथें.” मग मी फोन करणं सोडलं. जायचं तर रिक्षानं वीस मिनिटं. गेले नाही. रोज ठरवायची, त्यांना कळलं होतं का ते विचारायचं. आणि रोज वाटायचं, कळलं नसेल तर विचारून कशाला कळवा? आयुष्यात मी कोणाला सरळ प्रश्न विचारायला घाबरले नाही. हा एक विचारता आला नाही.

जुलैत एका सकाळी ते स्वतः आले. रविवार नव्हता. हातात भाजीची पिशवीही नव्हती, फाइल होती. खुर्चीवर टेकल्यासारखे बसले.

“ताई, त्या मेंढीवाल्या बाईचा पत्ता पाहिजे होता.”

“कशाला?”

“पत्र लिहिलं आहे. तुम्ही एकदा तपासून देता काय? तुम्ही प्रोफेसर.”

फाइलीतून दोन कागद काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवले. इंग्रजीत. अक्षर मोत्यासारखं, सरळ, रजिस्टर लिहिणाऱ्याचं. इथं मराठीत सांगते. महोदया, सविनय कळवण्यात येते की खाली सही करणारा मे महिन्याच्या चौदा ते सोळा तारखेस आपल्या घरी मुक्कामास होता. आपण दिलेली मेंढी सुखरूप पोचली असून ती माझ्या घरी देवळीशेजारी आहे. आपल्या फाटकाशी हिरवं कापड दाखवल्याबद्दल खुलासा पुढीलप्रमाणे. मी रेल्वेत एकतीस वर्षं गार्ड होतो. गाडी हलल्यावर ती नीट चालली आहे ना हे पाहून हिरवा इशारा देणं हे गार्डाचं कर्तव्य असतं. समोरच्याला कळावं की कोणीतरी पाहतं आहे. निवृत्तीनंतरही हात स्वस्थ राहत नाही. तरी आपल्याला त्रास झाला असल्यास क्षमा असावी. खाली सही करणाऱ्याची प्रकृती उत्तम असून त्यास मेंदूचा कोणताही विकार नाही. माझ्या पत्नीच्या भगिनींनी आपल्याला जे सांगितलं ते काळजीपोटी सांगितलं. त्या फार शिकलेल्या आहेत. कृपया त्यांच्याविषयी गैरसमज करून घेऊ नये.

दोन ठिकाणी व्याकरण चुकलं होतं. माझी नजर आधी तिथं गेली, हेही लिहून ठेवते. मग शेवटच्या ओळी कळल्या आणि कागद धरलेला हात मांडीवर आला.

“तुम्हाला इंग्रजी येतं?”

“तुमच्यासारखं नाही येत जी. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. परीक्षाबी. तीन बार बसलो, तेव्हा पास झालो.”

“मग कधी बोलले नाही ते?”

“तुमच्यापुढं?” ते म्हणाले.

अंजनाबाईनं चहा आणून ठेवला. तो दोघांनीही घेतला नाही. मी पेन उचललं. व्याकरण दुरुस्त केलं नाही. त्यांच्या सहीखाली माझ्या अक्षरात लिहिलं की मी यांच्याविषयी सांगितलं ते खोटं होतं, काळजीपोटी मुळीच नव्हतं, मला त्यांची लाज वाटत होती म्हणून सांगितलं. खाली माझी सही केली, पूर्ण नाव, डिग्रीशिवाय. कागद त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, एक एक शब्द, त्या नावांच्या खांबापुढं वाचत होते तसं ओठ हलवत.

“बरं केलं,” ते म्हणाले. “हे त्या बाईले झालं.”

मी म्हटलं, “चुकलं माझं, श्यामराव.” चाळीस वर्षांत त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य, ज्याला पुढं काही जोडता येत नव्हतं.

“हव, चुकलं.” त्यांनी कागद फाइलीत ठेवले. आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उलट बोलू शकले असते. “डोक्याचं मले काही वाटलं नाही, ताई. डोकं फिरलं, म्हणा. लोक म्हणतात. माह्या चपलांना हसले तुम्ही, माह्या भाजीले हसले, मी मनावर घेतलं नाही. पण मंदाचं नाव काहून घेतलं? ती गेली म्हणून मी येडा झालो, असं सांगितलं तुम्ही परक्या बाईले. तो रुमाल तिनं शिवला होता. तुमची बहीण होती ना ती?”

“होती.”

“मग तेवढं नव्हतं घ्यायचं.”

मी पत्ता लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी वाचून पाहिली, फाइलीत ठेवली, चपला घातल्या. “येतो,” म्हणाले. येतो म्हणाले, जातो नाही; त्याला मी दोन दिवस धरून होते, मग ते सोडलं. सगळेच येतो म्हणतात.

मी त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेले. गल्लीत पाणी साचलं होतं, ते कडेकडेनं चालले होते, फाइल छातीशी धरून. कोपऱ्यावरचा विजेचा खांब माझ्या फाटकातून सरळ दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. म्हणजे खांबापासून फाटकही दिसत असणार. चाळीस वर्षं, दर रविवारी, तिथून वळून त्यांना माझं लावलेलं दार दिसलं असणार, आणि तरी पुढच्या रविवारी हात वर झाला.

ते खांबापाशी पोचायच्या आधीच मी हात वर केला. उशीर व्हायला नको म्हणून.

श्यामराव खांबापाशी पोचले, एक मोटरसायकल जाऊ दिली आणि वळून मेनरोडला लागले. मागं पाहिलं नाही.

अंजनाबाई कपबश्या उचलून बाहेर आली. माझ्याकडं पाहिलं, रिकाम्या गल्लीकडं पाहिलं. “ओमन तो चल दिन, दीदी.” ते तर गेले, असं सांगत होती.

“हव,” मी म्हटलं. हात अजून खाली घेतला नव्हता.